आधी बिल वाचलं, मग छताकडे पाहिलं

सोलापूर जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव. उन्हाला इथे कधीच तोटा नव्हता. मार्चच्या मध्यापासून जे तापायला लागतं ते मृगाचा पाऊस पडेपर्यंत. मे महिन्यात पारा 42-43 अंशांवर गेला तरी कुणाला नवल वाटत नाही. दारं-खिडक्या लावून कुलरसमोर दुपार काढायची आणि बिल आलं की कपाळाला हात लावायचा, हा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. ज्या उन्हामुळे बिल वाढतं त्याच उन्हाकडून ते भरून घेता येईल, हे गावाला पटवून द्यायचं आम्ही काही जणांनी ठरवलं. मी इथल्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. बरोबर सार्वजनिक वाचनालयाचे ग्रंथपाल, एक जुनेजाणते वायरमन, एक औषध दुकानदार आणि महिला बचत गटाच्या दोन ताई. संस्था नाही, नोंदणी नाही, पदाधिकारी नाहीत. हे काम कसं झालं, कुठे अडलं आणि काय केल्यावर पुढे सरकलं ते सविस्तर लिहिते आहे, कारण एवढ्याच आकाराच्या दुसऱ्या गावांतही हेच प्रश्न येणार.

फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्र सरकारने सूर्यघर योजना जाहीर केली. एक कोटी घरांवर सौर पॅनेल बसवायची, त्यासाठी 75 हजार कोटींची तरतूद. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी 30 हजार रुपये अनुदान, तिसऱ्याला 18 हजार. म्हणजे तीन किलोवॅटला 78 हजार, आणि त्याहून मोठी यंत्रणा बसवली तरी अनुदान तेवढंच. बातमी आली तशी गावात चर्चा सुरू झाली. फोनवर जाहिराती, गल्लीत माहितीपत्रकं. बऱ्याच जणांचा समज असा झाला, की सरकार येऊन फुकट पॅनेल लावून जाणार. जेव्हा कळलं की आधी दोन लाखांच्या आसपास खर्च करायचा आणि अनुदान नंतर खात्यात जमा होणार, तेव्हा अर्धी मंडळी गप्प झाली. जी उरली ती विचारायची, "मॅडम, मला किती किलोवॅट लागेल?" त्यावर माझा उलटा प्रश्न, "तुमच्याकडे महिन्याला युनिट किती जळतात?" त्याचं उत्तर जवळजवळ कुणाकडेच नव्हतं. रुपये सगळ्यांना पाठ, युनिट कुणालाच नाहीत.

म्हणून आम्ही सौरऊर्जा बाजूला ठेवली आणि रविवारी सकाळी वाचनालयात 'बिल घेऊन या' एवढंच सांगितलं. भाषण नाही, पाहुणे नाहीत. लांब टेबल, वह्या, पेनं आणि चहा. माणूस बिल घेऊन येतो, आम्ही त्याच्या शेजारी बसून ते ओळीने वाचतो. स्थिर आकार म्हणजे काय, वीज आकार कशावर, वहन आकार वेगळा का, वीज शुल्क किती. मागच्या महिन्यांचा वापर बिलावर छापलेला असतो, तो वहीत उतरवून घ्यायचा. एवढं केलं की माणसाला स्वतःच्या घराचं वर्ष दिसायला लागतं: एप्रिल-मेचा डोंगर, पावसाळ्यातला उतार, दिवाळीतला एक उंचवटा, थंडीत हीटरचा रॉड सुरू झाल्यावर पुन्हा चढण.

याच बैठकांत एक मोठा गैरसमज निघाला. 100 युनिटांच्या वर एक जरी युनिट गेलं तर सगळ्या बिलाला वरचा दर लागतो, असं निम्म्या गावाला वाटत होतं. वीज आकाराचं तसं नाही. पहिल्या 100 युनिटांना पहिलाच दर राहतो, 101 ते 300 पर्यंतच्या युनिटांना दुसरा, आणि त्यापुढे आणखी चढा. म्हणजे आपण जे युनिट वाचवतो ते सगळ्यात वरचं, सगळ्यात महाग युनिट असतं. हे कळल्यावर लोकांचा बचतीकडे बघायचा दृष्टिकोनच बदलतो. पंधरा-वीस युनिटांची बचत आधी किरकोळ वाटायची. वरच्या दराने गुणल्यावर तिचं वजन कळलं.

वायरमन काकांनी एक छोटं मीटर आणलं. ते प्लगमध्ये बसवायचं आणि त्यात आपलं उपकरण लावायचं, की किती वॉट चाललेत आणि किती युनिट झाली ते आकड्यात दिसतं. हे मीटर आम्ही वाचनालयातून पुस्तकासारखं द्यायला लागलो. ग्रंथपालांनी त्याला रीतसर दाखल क्रमांक दिला. चार दिवस घरी न्यायचं, फ्रीज, टीव्ही, कुलर, मिक्सर सगळं तपासायचं आणि आकडे लिहून परत आणायचं. ज्या घरांत सासूबाई सुनेला "मिक्सर जास्त लावू नको, बिल येतं" म्हणायच्या, तिथे मिक्सरचा महिन्याचा हिशेब नगण्य निघाला. पाचशे वॉटचा असला तरी चालतो किती, दिवसाला पाच-सात मिनिटं. उलट टीव्हीखालचा सेट टॉप बॉक्स कुणाच्या खिजगणतीत नव्हता. रिमोटने टीव्ही बंद केला तरी तो दहा वॉट घेत राहतो. दहा वॉट गुणिले चोवीस तास गुणिले तीस दिवस, झाली सात युनिटं. रात्री झोपताना भिंतीवरचं बटण बंद करायचं, एवढाच उपाय. ही सवय गावात फार लवकर पसरली, कारण त्याला पैसाच लागत नव्हता.

पंख्यांचं गणित मात्र आम्ही फळ्यावर मांडून दाखवायचो. जुना छताचा पंखा साधारण 75 वॉट खातो, नवा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या, ब्रश नसलेल्या मोटरचा) पंखा 30 च्या आसपास. फरक 45 वॉट. आमच्याकडे पंखा दिवसाला बारा तास सहज फिरतो. म्हणजे महिन्याला एका पंख्यामागे सोळा युनिट. तीन पंख्यांच्या घरात जवळजवळ पन्नास. चोक असलेली जुनी ट्यूबलाइट काढून वीस वॉटची एलईडी पट्टी लावली की आणखी कमी. आणि जुना, डब्यासारखा गरम होणारा रेग्युलेटर अजून कुठे असेल तर तो आधी बदलायचा. पंखा कमी वेगावर ठेवला तरी तो रेग्युलेटर उरलेली वीज उष्णतेत घालवत बसतो.

इथे मला एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. पॅनेल बसवण्याआधी घरातला वापर खाली आणलाच पाहिजे. आमच्याकडे जे तीन किलोवॅटची चौकशी करत आले त्यांतल्या कित्येकांचं काम पंखे आणि दिवे बदलल्यावर दोन किलोवॅटमध्ये भागलं. आणि ज्यांचा वापर 100 युनिटांच्या आत होता त्यांना आम्ही स्पष्ट सांगितलं, की कर्ज काढून घाईने पॅनेल बसवू नका, तुमचा दर मुळात कमी आहे, पैसे फिटायला फार वर्षं लागतील. आधी दोन पंखे बदला. असं सांगितल्याचा एक परिणाम झाला. विकायला आलेली माणसं वेगळी आणि ही वेगळी, हे लोकांच्या लक्षात आलं, आणि मग खरी गर्दी व्हायला लागली.

छताची गोष्ट निघाली तेव्हा पहिला विरोध बायकांकडून आला, आणि तो अगदी रास्त होता. आमच्याकडे गच्ची म्हणजे घराची आणखी एक खोली. उन्हाळ्यात कुरडया, सांडगे, पापड, शेवया तिथेच वाळतात, वर्षाचं धान्य-मिरची तिथेच पसरतात, रात्री अंथरुणंही तिथेच पडतात. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट सावलीविरहित जागा लागते. तीन किलोवॅट म्हणजे तीनशे चौरस फूट, तेही दक्षिणेला तोंड करून. विक्रेते येऊन गच्चीच्या मधोमध गुडघाभर उंचीचा सांगाडा उभा करायला निघायचे. तो त्यांना स्वस्त पडतो. बचत गटातल्या एका काकूंनी सरळ सांगितलं, "वाळवण कुठं घालू? पॅनेलवर?" त्या प्रश्नावर आम्ही वायरमन काकांबरोबर बसलो आणि उंच सांगाड्याचा पर्याय काढला. माणूस उभा चालेल एवढी उंची, खाली सावली आणि मोकळी जागा. खर्च वाढतो, पाय घट्ट रोवावे लागतात. पॅनेलच्या वजनाची स्लॅबला फारशी चिंता नसते, वळवाच्या वाऱ्याची असते. खालून वारा शिरला की तो पॅनेलला वर उचलायला बघतो. पण गच्ची वाचते, आणि पॅनेलच्या सावलीमुळे खालची खोलीही थोडी निवते. काकूंचं वाळवण आता पॅनेलच्या दक्षिणेच्या पट्ट्यात असतं आणि दुपारी निवडणं-टिपणं खालच्या सावलीत चालतं.

सावलीचं काम मुलांनी केलं. 14 डिसेंबर हा राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन. शाळेत तो दरवर्षी निबंध आणि घोषवाक्यांवर जायचा. आम्ही नववीच्या मुलांना खडू आणि टेप देऊन गच्च्यांवर पाठवलं. पाण्याच्या टाकीची, जिन्याच्या खोलीची, शेजारच्या इमारतीची सावली सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता कुठे पडते ते खडूने आखायचं. डिसेंबरच का? कारण त्या दिवसांत सूर्य सगळ्यात दक्षिणेला, म्हणून आमच्या अक्षांशावर दुपारी बारालाही तो डोक्यावर येत नाही, पन्नास अंशांच्या आसपासच राहतो आणि सावल्या वर्षातल्या सगळ्यात लांब पडतात. डिसेंबरात जी जागा उन्हात आहे ती दक्षिणेकडच्या अडथळ्यांपासून वर्षभर सुटलेली. पॅनेल एकमेकांना साखळीने जोडलेली असतात. त्यांतल्या एकावर टाकीची सावली पडली तरी पूर्ण ओळीची वीज घटते. मोठ्या माणसांना मी हे किती वेळा सांगितलं असेल, पण खडूची रेघ दिसल्यावर एका आजोबांनी स्वतः टाकी उत्तरेच्या कोपऱ्यात हलवून घेतली. याच मुलांनी मग मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात शून्य सावलीचा दिवस पाहिला. उभ्या नळीची सावली भर दुपारी नाहीशी होते, हे पुस्तकात शिकवणं आणि गच्चीवर दाखवणं यांत फार अंतर आहे.

आता सगळ्यात किचकट भाग. माझ्या मते छोट्या गावात सौरऊर्जेचा खरा अडसर पैसा किंवा अज्ञान यांपेक्षा मोठा असा एक आहे: वीजमीटर कुणाच्या नावावर आहे. आमच्या जुन्या पेठेत मीटर आजोबांच्या नावावर. आजोबा वारून वीस वर्षं झाली, बिल नियमित भरलं जातं, कुणाला कधी अडचण आली नाही. पण अनुदानासाठी अर्जदाराचं नाव, बिलावरचं नाव आणि बँक खातं यांचा मेळ बसावा लागतो. म्हणजे आधी मीटरचं नाव बदला. त्यासाठी मृत्यूचा दाखला, मिळकत पत्रिका किंवा नगरपरिषदेचा मालमत्ता कराचा उतारा, आणि बाकीच्या वारसांची संमती.

या शेवटच्या कागदावर सगळं अडायचं. भाऊ एकत्र राहत असले तरी बहिणी पुण्याला, मुंबईला, हैदराबादला. सही मागितली की मनात शंका येतेच. एका घरातल्या आत्या सणाला आल्या होत्या तेव्हा मला म्हणाल्या, "बाई, सही करायला माझी ना नाही. पण उद्या पोरांनी म्हटलं, आत्यानं सही दिलीय, तिचा काही संबंध नाही, तर मी कुठं जाऊ?" त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. सह्यांवर घरं गेलेली त्यांनी पाहिली होती. औषध दुकानदार काकांनी गावातल्या एका वकिलांना विचारून संमतीपत्राचा मसुदा तयार करून घेतला. ही संमती केवळ वीजजोडणीवरील नाव बदलण्यापुरती आणि छतावर सौर यंत्रणा बसवण्यापुरती आहे, मिळकतीतील माझा हक्क व हिस्सा अबाधित आहे, असं त्यात स्पष्ट वाक्य. वीजबिलावर नाव असल्याने कुणी घराचा मालक होत नाही, हेही तोंडी समजावून सांगायचं. आत्यांनी ते वाक्य स्वतः वाचलं, पुतण्याला मोठ्याने वाचायला लावलं आणि मग सही केली. पुढे हाच मसुदा गावात फिरला. वाचनालयात त्याच्या प्रती ठेवल्यात. कुणीही मागून घेऊन जातं. ज्यांना पॅनेल बसवायची नाहीत त्यांनीही मीटरचं नाव बदलून घ्यावं, असं आम्ही आता सगळ्यांनाच सांगतो. वारस वाढत जातात, सह्या अवघड होत जातात.

कागद झाले की विक्रेता निवडायचा. योजनेच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी असलेलाच हवा, आणि अनुदान हवं असेल तर पॅनेल भारतात बनलेल्या सेलचीच हवीत. दर सगळे विचारतात. आम्ही लोकांना आणखी एक गोष्ट विचारायला शिकवली, ती म्हणजे अर्थिंगचे खड्डे किती. तीन हवेत: एक पॅनेलच्या बाजूचा, एक इन्व्हर्टरच्या (पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशी करणाऱ्या यंत्राच्या) बाजूचा आणि एक आकाशातली वीज जमिनीत उतरवणाऱ्या वीजरोधकाचा स्वतंत्र. एका घरी बसवणाऱ्यांनी तिन्ही तारा एकाच खड्ड्यात सोडल्या होत्या आणि वरून माती सारखी केली होती. वायरमन काकांनी टाचेने माती उकरून दाखवलं तेव्हा घरमालक चक्रावले. वीज कोसळली तर ती वीजरोधकातून येऊन त्याच खड्ड्यातून इन्व्हर्टरकडे आणि घरात शिरू शकते. काकांनी समोर उभं राहून दोन खड्डे नवे खोदून घेतले, मीठ-कोळसा भरून घेतला. आमच्याकडे खाली मुरूम, उन्हाळ्यात जमीन कोरडी ठणठणीत. म्हणून खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतायचं, हेही त्यांनी घरातल्या मुलाकडे काम म्हणून सोपवलं. पूर्ण पैसे देण्याआधी खड्डे उघडे असताना फोटो काढून ठेवा, हा सल्ला मी सगळ्यांना देते.

आणि तो नेहमीचा प्रश्न: "लाइट गेल्यावर हे चालणार ना?" नाही चालत. साधी, लाइनला जोडलेली यंत्रणा लाइन गेली की स्वतःहून बंद होते, वर रणरणतं ऊन असलं तरी. हे ऐकून पुष्कळ जण नाराज व्हायचे. त्यामागचं कारण काकांनी सांगितलं तसं कुणीच सांगू शकणार नाही. त्यांची उमर खांबावर गेली. "लाइन बंद करून पोरगा खांबावर चढलाय, आणि तुमच्या छतावरून उलटी वीज त्याच तारेत गेली तर?" एवढंच ते म्हणायचे. पुढे कुणी वाद घालत नसे. ज्यांना वीज गेल्यावरही पुरवठा हवाच आहे त्यांना बॅटरीची यंत्रणा घेता येते, पण खर्च बराच वाढतो. घरात आधीपासून इन्व्हर्टर-बॅटरी असेल तर दिवे-पंख्यांपुरती तीच पुरेशी, असा आमचा कल.

पॅनेल बसल्यावर नेट मीटर, म्हणजे लाइनकडून घेतलेली आणि लाइनला दिलेली अशी दोन्ही वीज मोजणारं मीटर, येईपर्यंत थांबावं लागतं, आणि हा काळ लोकांचा अंत पाहतो. पैसे गेलेत, पॅनेल छतावर आहे, पण मीटर नाही. काही घरांना बरंच ताटकळावं लागलं. एकेकट्याने खेटे घालण्यापेक्षा आम्ही सगळ्यांच्या अर्जांचे क्रमांक एका कागदावर लिहून, दोन-तीन जणांनी मिळून विचारायला जायची पद्धत पाडली. भांडण न करता, कागद पुढे ठेवून. त्याने काम हललं.

मीटर लागलं की रोजची नोंद सुरू. एका किलोवॅटला दिवसाला चार युनिट, तीन किलोवॅटला बाराच्या आसपास, हा आमच्याकडचा साधारण अंदाज. ढगाळ दिवसांत घटतं. पण आपण पर्जन्यछायेत असल्यामुळे पावसाळ्यातही अगदी कोरडं जात नाही. दिवसा जास्त झालेली वीज लाइनमध्ये जाते, तिची युनिटं आपल्या खात्यावर राहतात आणि पुढच्या वापरातून वळती होतात. आर्थिक वर्षाच्या शेवटी हिशेब मिटतो.

आमच्या जिल्ह्याची एक खास अडचण मात्र कोणत्याही माहितीपत्रकात नव्हती. साखर कारखाने. गळीत हंगाम सुरू झाला की वाऱ्याबरोबर चिमण्यांची काजळी येते. दोरीवरच्या कपड्यांवर तिचे काळे कण सगळ्यांनी पाहिलेत; तीच पॅनेलवर बसते, आणि पहाटेच्या दवाने तिथेच चिकटते. फोनवरच्या ॲपमध्ये युनिटं उतरायला लागली की लोक घाबरून विक्रेत्याला फोन करायचे. उपाय साधा आहे: सकाळी पॅनेल थंड असताना पाणी मारायचं आणि मऊ फडक्याने पुसायचं. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी अजिबात नको, काच तडकू शकते. बोअरचं पाणी असेल तर ते वायपरने लगेच ओढून घ्यायचं, नाहीतर क्षारांचे पांढरे डाग बसतात आणि काजळी परवडली म्हणायची वेळ येते. हंगामात दर आठवड्याला, एरवी पंधरा दिवसांनी. शेजारी-शेजारी दोन गच्च्यांवर एक पुसलेलं आणि एक न पुसलेलं असं करून पाहिलं, तेव्हा फरक ॲपवर ठळक दिसला. तेव्हापासून शनिवारी सकाळी आमच्या गल्लीत पॅनेल पुसायची लगबग असते.

क्षारांमुळेच सौर बंबाबाबतही जपून सांगावं लागतं. सपाट पेटीच्या बंबातल्या तांब्याच्या नळ्या आमच्या जड पाण्याने चोंदतात. काचेच्या नळ्यांचा बंब त्यामानाने टिकतो, साफही करता येतो. ज्यांच्याकडे थंडीत रोज रॉड लागतो त्यांना मी पॅनेलआधी बंब सुचवते.

गिरणीवाल्या काकांचं प्रकरण वेगळं. त्यांची दहा अश्वशक्तीची मोटर, औद्योगिक जोडणी. सूर्यघरचं अनुदान फक्त घरगुती जोडणीला, त्यामुळे ते हिरमुसले. पण त्यांचं दळण चालतं दिवसा, म्हणजे ऊन आणि गरज एकाच वेळेला. आधी मोटर बघितली. कितीतरी वेळा रिवाइंडिंग केलेली, पट्टा सैल, पुली एका रेषेत नाही. पट्टा ताणून, पुली जुळवून घेतल्यावरच मोटरचा करंट कमी झालेला त्यांनी क्लॅम्प मीटरवर पाहिला. नव्या, जास्त कार्यक्षम मोटरचे पैसे ते जमवतायत, पॅनेल त्यानंतर. मला त्यांचा हा क्रम अगदी योग्य वाटतो.

घरांचं काम मार्गी लागल्यावर आम्ही नगरपरिषदेकडे गेलो. छोट्या गावात नगरपरिषदेच्या विजेच्या खर्चातला मोठा वाटा पाणीपुरवठ्याच्या पंपांचा असतो, आणि ही गोष्ट नागरिकांच्या गावीही नसते. हजार लिटर पाणी शंभर मीटर उंच चढवायला पदार्थविज्ञानाच्या हिशेबाने पाव युनिटाहून किंचित जास्त वीज लागते. पंप, मोटर आणि पाइपातली घट धरली तर प्रत्यक्षात अर्ध्या युनिटाच्या आसपास. आमचं पाणी नदीवरून येतं, शुद्ध होतं, पुन्हा उंच टाकीत चढतं, मग घरात आल्यावर आम्ही आपापल्या मोटरने तेच पाणी गच्चीवर चढवतो. म्हणजे टाकी भरून वाहणारं पाणी हे वाहून जाणारी वीजसुद्धा आहे. मुलांनी एका पाण्याच्या दिवशी गल्ल्यांमधून फिरून वाहणाऱ्या टाक्या मोजल्या. त्या यादीतल्या घरी बचत गटाच्या ताई स्वतः गेल्या, आणि टाकी भरली की पाणी आपोआप थांबवणारा चेंडूचा कॉक बसवून घ्या म्हणून सांगितलं. कॉक दोन-तीनशे रुपयांचा. ताईंनी सांगितलेलं घराघरात ऐकलं जातं. माझ्या पत्रकाने ते झालं नसतं.

नगरपरिषदेत 'माझी वसुंधरा' अभियानाचा आधार मिळाला. राज्य सरकारने 2 ऑक्टोबर 2020 ला ते सुरू केलं. भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश या पंचतत्त्वांवर गावांना गुण मिळतात, आणि ऊर्जेचं काम अग्नीमध्ये मोजलं जातं. दिवसा जळणारे रस्त्यावरचे दिवे, पंपांची तपासणी, सार्वजनिक इमारतींवरची पॅनेल या मागण्या आम्ही त्याच भाषेत, गुण कुठे मिळतील ते दाखवून लिहून दिल्या. दिव्यांचं काम झालं. पंपांची तपासणी अजून व्हायची आहे, त्याचा पाठपुरावा चालू आहे.

या सगळ्यात एक मोठा गट बाहेर राहतो, आणि तेच मला सगळ्यात जास्त लागतं. पत्र्याच्या घरात राहणारे आणि भाडेकरू. ज्यांच्या डोक्यावर स्लॅबच नाही त्यांना सूर्यघरचा उपयोग काय? ज्यांच्या घराला उन्हाळ्यात सगळ्यात जास्त झळ बसते त्यांनाच या योजनेचा हात पोचत नाही. 2025 मध्ये राज्य सरकारने दारिद्र्यरेषेखालच्या आणि महिना 100 युनिटांपर्यंत वापर असलेल्या ग्राहकांसाठी एक किलोवॅटची वेगळी योजना आणली. त्यातून स्वतःचं मजबूत छत आणि स्वतःच्या नावाचं मीटर असलेल्या काही घरांचं काम होईल. भाडेकरूंचं होणार नाही.

म्हणून त्यांच्यासाठी आम्ही दोन गोष्टी धरल्या. पहिली, पत्र्यावर आणि स्लॅबवर चुन्याचा पांढरा हात. उन्हाळा लागण्याआधी चुना, त्यात चिकटपणासाठी थोडा डिंक, दोन हात मारायचे. खर्च जवळजवळ मजुरीचाच, आणि ती आपली आपणच. दुपारी पत्र्याखाली उभं राहिलं की फरक अंगाला कळतो. दुसरी गोष्ट पंखे. भाडेकरूला घरमालक सबमीटरवर युनिटामागे ठरावीक दर लावतो, बहुतेक वेळा चढाच. त्यामुळे पंख्यातली बचत त्याच्या खिशात जास्त दराने पडते. आणि घर सोडताना पॅनेल नेता येत नसलं तरी पंखा काढून नेता येतो. अडचण एकच, अडीच-तीन हजार एकदम कुठून आणायचे. बचत गटाच्या ताईंनी गटाच्या अंतर्गत कर्जात पंखा बसवला: गट पंखा घेऊन देतो, हप्ता महिन्याला, आणि तो साधारण बिलात वाचणाऱ्या रकमेएवढाच ठेवलाय. पहिल्यांदा शिवणकाम करणाऱ्या बायकांनी घेतले, कारण त्या दिवसभर पंख्याखाली मशीनवर बसतात. त्यांची बिलं आम्ही वाचनालयातल्या वहीत मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशेजारी लिहितो. वही टेबलावर उघडीच असते, कुणीही येऊन बघतं. सध्या पंख्यांना मागणी जास्त आहे आणि गटाकडे रक्कम कमी. गावातल्या पतसंस्थेने यासाठी वेगळी मर्यादा द्यावी म्हणून ताईंनी अर्ज केलाय, आणि सोबत त्या वहीच्या झेरॉक्स जोडल्यात.